खर्जासाठी खोली

बू-नवाफला खोली चौरस हवी होती.
चार बाय चार. कारण आईचा गालिचा चार बाय चार,
आणि गालिचा काही कापता येत नाही.

मुहर्रकच्या गल्लीत, गच्चीवरच्या अर्धवट बांधकामात
मी मोजफीत धरून उभी, दुसरं टोक त्याच्या पुतण्याकडे,
ऑगस्टची दमट हवा, नकाशा हाताला चिकटतोय.
म्हटलं, चौरसात एक सूर मुक्कामाला येतो
आणि उठतच नाही.
लांबीला जो सापडला तोच रुंदीलाही सापडतो,
बाकीचे सूर दारात, चपला हातात घेऊन उभे.
तो म्हणाला, आमच्याकडे पाहुण्याला
तीन दिवस काही विचारायचं नसतं.
आणि चौथ्या दिवशी?
त्याने चहाचा पेला खाली ठेवला.
चौथ्या दिवशी तू म्हणशील तसं.

मग त्याने रीळ लावलं.
त्याचे आजोबा नह्हाम. मोत्यांच्या गलबतावर
वल्ह्यांना ताल देणारा गळा.
रीळ भरलं तेव्हा समुद्र सुटून वीस वर्षं झालेली,
दात गेलेले, आवाज मात्र शिडाच्या दोरासारखा ताणलेला,
आणि खाली साथीदारांचा खर्ज,
इतका खाली
की कानांआधी बरगड्यांना कळतो.

विचारलं, हे कुठल्या खोलीत गायचे?
खोली? समुद्रात.
म्हणजे भिंत नाही. म्हणजे गेलेला सूर परत नाही.
आणि मी आले होते भिंतींचा हिशेब घेऊन.

रात्री गुदैबियाला, माझ्या भाड्याच्या खोलीत गणित मांडलं.
आवाज धावतो सेकंदाला तीनशे चव्वेचाळीस मीटर.
माझी खोली तीन मीटर चव्वेचाळीस.
खिडकीतल्या एसीची पन्नासाची गुरगुर
या लांबीत तंतोतंत मावते,
घरमालकाने तिच्याच मापाने बांधल्यासारखी.
भिंतीपाशी ती ट्रक होऊन उभी असते,
खोलीच्या मधोमध जवळपास नाहीच.
तीन वर्षं मी भिंतीला डोकं लावून झोपत होते.
खाट ओढली. फरशीवर चार ओरखडे.

इचलकरंजीला बाबांचे कान मागांनी नेले.
चोवीस माग, दोन पाळ्या.
धोटा चुकला तर ऐकू यायचं नाही त्यांना,
शेडच्या कोपऱ्यावर तळवा टेकून सांगायचे,
सात नंबर बघा.
कोपराच का, ते मला कळायला तिशी उलटावी लागली.
सगळे खर्ज कोपऱ्यात येऊन साचतात.

शेवटी ठरलं. उंची तीन, रुंदी चार-वीस, लांबी पाच-सत्तर.
तीन वेगळे सूर, एकमेकांच्या पायावर पाय न देणारे.
गालिचा बसला. दोन्ही कडांना चार चार बोटं फरशी,
मागे उरलेल्या पट्टीत बोटांनी वाजवायचे मातीचे घडे.
पडदे जाड, दाराला रबर,
एसीचं यंत्र गच्चीच्या पार टोकाला.
समोरच्या भिंतीपासून दोन मीटर सतरा,
गालिच्यावरच्या डाळिंबी फुलापाशी मी खुर्ची ठेवली.
इथे आजोबा स्वच्छ ऐकू येतील, श्वासासकट.

पहिल्या रात्री बू-नवाफ खुर्चीत बसला.
श्वास ऐकला. पुतण्याकडे बघून मान हलवली.
मग उठला, मागे घड्यांपाशी गेला
आणि कोपऱ्यात मांडी घालून बसला,
पाठ भिंतीला, तळवा भिंतीला.
मी म्हणाले, तिथे नको, तिथे खर्ज फार होतो,
आजोबा बुडतात त्यात.
त्याने डोळे उघडले नाहीत.
ते पुढे एकटे उभे राहायचे, म्हणाला.
मला बसवायचे यांच्यात.

नकाशावरची खुर्ची मी खोडली नाही.
कोपऱ्यात पेन्सिलने एक छोटा गोल काढला,
त्याला माप टाकलं नाही.